उत्तर: 'दहाव्या शतकातल्या नकला कशाला वाचायच्या?'

नमस्कार, इतकी सविस्तर कमेंट लिहिलीत त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की बायबलच्या नव्या कराराची मध्ययुगीन ग्रीक हस्तलिखितं म्हणजे नकलेच्या नकलेची नक्कल, मठातल्या साधूंनी अर्थ न बघता उतरवलेली, आणि चौथ्या शतकातलं व्हॅटिकनचं कोडेक्स (हाताने लिहिलेलं बांधीव पुस्तक) असताना ह्यांच्यावर पोस्ट लिहिणं म्हणजे वेळ फुकट.

चुका आहेतच, त्याबद्दल वाद नाही. ग्रीकमध्ये तोवर बऱ्याच स्वरांचा उच्चार 'ई' होऊन बसला होता, त्यामुळे 'आम्ही' आणि 'तुम्ही' कानाला सारखेच, आणि नव्या करारातल्या पत्रांमध्ये त्यांची अदलाबदल जागोजागी सापडते. पण हा घोळ जुन्या प्रतींमध्येही आहे, तो फक्त मध्ययुगाच्या माथी मारू नका.

माझा खरा मुद्दा वेगळाय. चामड्याचं पान कधीचं आणि त्यावरचा मजकूर कधीचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही ते एकच धरलेत. ग्रीसमधल्या अ‍ॅथॉस डोंगरावरच्या ग्रेट लाव्रा मठातलं 1739 नंबरचं हस्तलिखित घ्या (लहान, जोडून लिहिलेल्या अक्षरांच्या अशा 2,900 च्या वर हस्तलिखितांना नंबर दिलेत, त्यातलं हे एक). दहाव्या शतकात इफ्राइम नावाच्या साधूने लिहिलं, त्यात प्रेषितांची कृत्ये आणि सगळी पत्रं आहेत. पौलाच्या पत्रांच्या आधी चक्क नोंद आहे की हा मजकूर एका फार जुन्या प्रतीवरून घेतलाय आणि रोमकरांस पत्राचा पाठ ओरिजेनच्या भाष्यातून उचललाय. ओरिजेन तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान, आणि त्याचं ते ग्रीक भाष्य आज बहुतेक हरवलंय! समासात इरेनियस, क्लेमेंट, ओरिजेन, युसेबियस ह्या सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांचे दाखले आहेत आणि सगळ्यात अलीकडचा माणूस बेसिल, जो 379 मध्ये वारला, त्याच्यानंतरचं कुणीच नाही, म्हणजे इफ्राइमसमोरची प्रत किंवा तिची आई कुठल्या काळातली असेल ह्याचा अंदाज तुम्हीच करा.

योहानाच्या पहिल्या पत्रात 4:3 ला बहुतेक प्रतींमध्ये 'येशूला कबूल करत नाही' असं आहे, तर 1739 च्या समासात 'येशूला तोडतो, वेगळा करतो' असा पाठ दिलाय आणि सोबत लिहिलंय की इरेनियस, ओरिजेन, क्लेमेंट असं वाचत. ग्रीक हस्तलिखितांत हा पाठ आपल्याला ह्या समासातच मिळतो. अर्थ न बघता उतरवणारा माणूस असली टीप जपून ठेवेल का?

त्यात भर म्हणजे 1930 च्या सुमारास इजिप्तमधून पौलाच्या पत्रांचा पपायरस बाहेर आला, साधारण 200 सालचा, आणि गुंथर झुंट्झ ह्या अभ्यासकाने तपासून दाखवलं की 1739 चा पाठ त्याच्याशी आणि व्हॅटिकनच्या कोडेक्सशी नातं सांगतो. इफ्राइमने तो पपायरस बघणं शक्यच नव्हतं. सगळी मध्ययुगीन हस्तलिखितं अशी नाहीत, बहुतेक एकाच बायझंटाइन साच्यातली (मध्ययुगात रूढ झालेल्या पाठाची) आहेत हे मान्य, पण कुठलं कसं आहे हे एकेक वाचल्याशिवाय कळणार कसं, आणि म्हणून मी ती वाचतो.

आता तुमच्या लाडक्या व्हॅटिकन कोडेक्सबद्दल. त्याची शाई फिकी पडली होती, म्हणून नंतरच्या काळात कुणीतरी अक्षरं पुन्हा गिरवली, त्याला चुकीची वाटली ती तेवढी तशीच ठेवली. इब्री लोकांस पत्र 9:14 ला पानं संपतात, पुढचा भाग आणि प्रकटीकरण हे नव्या कराराचं शेवटचं पुस्तक पंधराव्या शतकात लिहून जोडलंय. म्हणजे चौथ्या शतकाचं म्हणून तुम्ही जे वाचता तेसुद्धा पुष्कळसं मध्ययुगीन हातांनीच आपल्यापर्यंत आणलंय.

आणि ते हात किती जागरूक होते बघा. ह्याच कोडेक्समध्ये इब्री 1:3 ला मूळ नकलकाराने एक शब्द वेगळा लिहिला होता, कुणीतरी तो खोडून नेहमीचा केला, मग मध्ययुगातल्या एका वाचकाने पहिला शब्द परत घातला आणि बाजूला झापलं, "मूर्खा, दुष्टा, जुनं आहे तसं राहू दे, बदलू नकोस."

तुम्ही विचारलंत की पुरावा कुठे बघू. व्हॅटिकन लायब्ररीच्या साइटवर अख्खं कोडेक्स फुकट आहे, ग्रीक 1209 शोधा, थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रानंतर लगेच इब्री सुरू होतं, तिथे झूम करून समास बघा. शंका आली तर इथेच लिहा, मी वाचून सांगेन.