मागचा ब्रेक मऊच राहतो तेव्हा : देवगडच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. घरी ब्रेकची एअर काढण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे आणि तपशिलासकट आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो. इतरांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. स्कूटरच्या मागच्या डिस्क ब्रेकची एअर, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढायला तुम्ही निपलला (चाकाजवळचा ऑइल सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) हातपंप लावून ऑइल ओढलंत. अर्धा लिटर ऑइल संपलं, नळीतले बुडबुडे थांबले नाहीत आणि लिव्हर अजून मुठीला टेकतो. तुमच्या मते लिव्हर दाबून एअर काढायची माझी पद्धत जुनाट आहे, सिरिंजने खालून ऑइल भरणं हीच खरी पद्धत. रात्रभर लिव्हर बांधून ठेवणं हा अडाणीपणा. दरवर्षी ऑइल बदला म्हणणं ही उधळपट्टी, कारण गाडीच्या पुस्तकात दोन वर्षं लिहिलंय. आणि शेवटी, "ह्या काम घराकडे करूचा न्हय."

आधी त्या अर्ध्या लिटरचा हिशेब करू. हँडलवरच्या मास्टर सिलिंडरचा (लिव्हर दाबला की ऑइल पुढे ढकलणारा भाग) व्यास साधारण १२.७ मिमी धरला तर लिव्हरच्या एका पूर्ण दाबात जेमतेम दीड मिली ऑइल पुढे सरकतं. ब्रेकच्या पाइपचा आतला व्यास तीन मिमीच्या आसपास असतो आणि मागच्या चाकापर्यंतची लांबी फार तर दोन मीटर. म्हणजे सगळ्या पाइपमध्ये मिळून १४-१५ मिली ऑइल मावतं. कॅलिपर, म्हणजे पॅडने डिस्क आवळणारा चाकाजवळचा भाग, धरला तरी २५० मिलीची बाटली जुनं ऑइल काढून एअर काढायला पुरून उरते. अर्धा लिटर गेलं याचा अर्थ ऑइल कमी पडलं नाही. एकतर हवा जिथे अडकली आहे तिथून ती हलतच नाहीये, किंवा नळीत दिसणारी हवा ब्रेकमधली नाहीच.

तुमच्या बाबतीत मला दुसरी शक्यता जास्त वाटते. निपल पाव आटा सैल केलं की ऑइल मधल्या भोकातून येतं, पण बाहेरचे आटे काही हवाबंद नसतात. हातपंपाने ओढलं की आट्यांच्या फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि तीच नळीत बुडबुड्यांची माळ होऊन दिसते. बादलीभर ऑइल ओढलंत तरी ही माळ तुटायची नाही. उपाय साधा आहे. निपल पूर्ण काढा, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. खालच्या निमुळत्या टोकाला मात्र काही लागू देऊ नका, कारण ऑइल अडवण्याचं काम ते टोकच करतं. मग निपल पाव आट्याहून जास्त न उघडता पुन्हा ओढून बघा. तरीही शेवटचा निर्णय पंपाच्या नळीकडे बघून करू नका, लिव्हर हाताला कसा लागतो यावर करा.

आता हवा खरोखर अडकते कुठे? मागच्या ब्रेकचा पाइप हँडलवरून खाली येतो, फूटबोर्डाखालून जातो आणि मागे बहुतेक गाड्यांत स्विंगआर्मवरून (मागचं चाक धरणाऱ्या दांडीवरून) चढून पुन्हा कॅलिपरकडे उतरतो. ही चढण म्हणजे हवेची पहिली बैठक. लिव्हरच्या एका दाबाने ऑइल पाइपमध्ये वीसेक सेंटिमीटर पुढे जातं, आणि निपल बंद करण्याआधी लिव्हर सुटला तर तेवढंच मागे येतं. बुडबुडा त्या चढणीवर झोपाळ्यासारखा पुढे-मागे होत राहतो. म्हणून क्रम काटेकोर हवा: लिव्हर दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. पुढच्या दाबाआधी चार-पाच सेकंद थांबा, कारण मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या टाकीतून ऑइल खाली येण्याचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. भराभर पंप मारलात तर ऑइलला फेस येतो आणि मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात.

दुसरी बैठक मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी, जिथे बँजो बोल्ट, म्हणजे पाइप जोडणारा पोकळ बोल्ट, असतो तिथे. गाडी साइड स्टँडवर असेल तर ती डावीकडे कलते, डाव्या लिव्हरचं बाहेरचं टोक खाली जातं आणि बँजो सगळ्यात वर येतो. मग हवा तिथेच बसते, खाली कितीही ऑइल सोडलंत तरी. गाडी सेंटर स्टँडवर घ्या आणि हँडल पूर्ण उजवीकडे वळवा. त्याने डावं टोक पुढे जाऊन थोडं वर येतं आणि हवेला टाकीकडची वाट मिळते. टाकीचं झाकण काढून लिव्हर अगदी थोडा, पाच-सहा मिमी, हलकेच दाबत-सोडत राहा. टाकीत बारीक बुडबुडे वर येताना दिसतात. ते यायचे थांबेपर्यंत हे चालू ठेवा, आणि मधूनमधून सिलिंडरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. तरीही हटली नाही, तर बँजोभोवती जाड फडकं गुंडाळून लिव्हर दाबून धरा, बोल्ट किंचित सैल करा आणि लगेच आवळा. बोल्ट पूर्ण काढलात तर तांब्याचे दोन्ही वॉशर नवे घालावे लागतात.

तिसरी जागा खुद्द कॅलिपर. निपल हा कॅलिपरचा सगळ्यात उंच बिंदू असायला हवा, आणि बऱ्याच मागच्या कॅलिपरमध्ये तो तसा नसतो. तुम्ही कॅलिपर जागेवरच ठेवला होता, म्हणून हे ठळक सांगतो: दोन बोल्ट काढून कॅलिपर सोडवा, निपल आकाशाकडे राहील असा धरा आणि दोन पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची, चारेक मिमीची, लाकडी किंवा लोखंडी पट्टी घाला. पट्टी न घालता लिव्हर दाबलात तर पिस्टन बाहेर येऊन पडेल आणि काम दुप्पट होईल. जुनं ऑइल निघून गेल्यावर, उरलेली एअर काढण्याआधी, पिस्टन हळूहळू पूर्ण आत ढकलून बघा. कॅलिपरमधलं ऑइल उलट्या दिशेने टाकीत जातं आणि सोबत हवाही नेतं. टाकी आधी अर्धी रिकामी करा, नाहीतर ऑइल उतू जाऊन रंगाची वाट लावेल. सांडलंच तर पुसत बसू नका, आधी पाणी ओता.

सिरिंजबद्दल तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. ५० मिलीची सिरिंज एका दमात सगळा पाइप तीनदा भरेल एवढं ऑइल खालून वर ढकलते, आणि चढणीवरची हवा तिच्यासारखी दुसऱ्या कशानेच निघत नाही. पण जुनं ऑइल आत असताना खालून ढकलू नका. कॅलिपरच्या तळाशी काळा गाळ असतो, तो वर जाऊन त्या सुईएवढ्या भोकात बसला तर ब्रेक दाबल्यावर सुटणारच नाही, चाक घासत राहील. म्हणून आधी लिव्हरने वरून खाली, स्वच्छ ऑइल येईपर्यंत, आणि मग सिरिंजने खालून वर. फिश टँकच्या हवेच्या पंपाची पारदर्शक नळी बहुतेक निपलवर घट्ट बसते. सिरिंज उभी धरून तिच्यातली आणि नळीतली हवा आधी काढा. एक-दोनदा वापरली की दट्ट्या जड होतो, मग ती फेकून द्या.

लिव्हर मुठीपर्यंत दाबण्याची सवय मात्र सोडा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं सील ठरावीक भागातच फिरतं. पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा ओलावा आणि किटण साचलेलं असतं. एअर काढताना सील तिथपर्यंत गेलं की त्याची कड फाटते, आणि काल ठीक असलेला सिलिंडर आज निकामी होतो. मूठ आणि लिव्हर यांच्यामध्ये दोन सेंटिमीटरचा लाकडाचा तुकडा ठेवा. तुमचा लिव्हर अर्धा लिटरभर मुठीला टेकत होता, त्यामुळे आता हे तपासाच: लिव्हर एकाच जोराने मिनिटभर दाबून धरा. बाहेर कुठे गळती नसताना तो हळूहळू खचत गेला तर सील गेलं. मग सिलिंडरचा किट बदलल्याशिवाय सुटका नाही.

हवा नसतानाही लिव्हर मऊ लागू शकतो, आणि किनाऱ्यावर हे फार होतं. खाऱ्या हवेने आणि लाल चिखलाने कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकतात. मग कॅलिपर सरळ सरकण्याऐवजी डिस्कला वाकवतो आणि हाताला ते थेट स्पंजासारखं लागतं. पिना काढा, स्वच्छ पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. नेहमीचं पिवळं ग्रीस, इंजिन ऑइल, खोबरेल यातलं काहीही नको. ब्रेकमधली रबरं खनिज तेलाने फुगतात, आणि पेट्रोलने धुतली तरी तेच.

हवा कुठे आहे ते शोधायची एक झटपट रीत आहे. रबरी पाइप कॅलिपरजवळ, रबरी जबड्याच्या चिमट्याने दाबून बंद करा (स्टीलच्या वेणीचा पाइप असेल तर हे करू नका). आता लिव्हर दगडासारखा लागला तर दोष कॅलिपर, पिना किंवा पॅडमध्ये. मऊच राहिला तर वर, पाइपमध्ये किंवा मास्टर सिलिंडरमध्ये. हे दोन मिनिटांचं काम आधी केलं असतंत तर ऑइल वाचलं असतं.

निपल हलतच नसेल तर ओपन पाना लावू नका. लोखंडी निपल आणि ॲल्युमिनियमचा कॅलिपर यांच्यात खारं पाणी शिरलं की आटे एकमेकांना धरून बसतात. पॅड काढून ठेवा, गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, निपलच्या डोक्यावर लहान हातोडीने सरळ टिचक्या मारा आणि सहा कोनी सॉकेटने, बहुतेकदा ८ मिमीच्या, आधी किंचित आवळून मग सोडवा. डोकं चेपत असेल तर भोकात बसेल असं ड्रिल बिट घालून मगच पकड लावा. नवं बसवताना जोर लावायचा नाही, सहा न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. वर रबरी टोपी हवीच.

लिव्हर बांधण्याबद्दल. दाबाखाली बारीक बुडबुडे आकसतात, काही ऑइलमध्ये विरघळतात, उरलेले वर सरकतात, आणि सकाळी लिव्हर सोडला की टाकीत निघून जातात. शेवटच्या चार बुडबुड्यांवर हा उपाय चालतो, मुठीला टेकणाऱ्या लिव्हरवर नाही. सकाळी घट्ट आणि संध्याकाळी पुन्हा मऊ झाला, तर विरघळलेली हवा परत सुटली किंवा कुठूनतरी नवी आत येतेय.

दोन वर्षांचा आकडा पुस्तकात आहे, खरं आहे. पण ग्लायकॉलवर आधारलेलं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३०° सेल्सियस असतो, ३.७ टक्के पाणी शिरलं की १५५° वर येतो. डॉट ३ चा तर २०५° वरून १४०° वर. देवगडात जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते तुम्हाला मी सांगायला नको. गिअर नसलेल्या गाडीला उतारावर इंजिनचा आधार कमी, म्हणून आंबोली किंवा गगनबावड्याचा करूळ घाट उतरताना मागचा ब्रेक सतत घासत आला तर ऑइल उकळतं, वाफ होते आणि लिव्हर एकदम मुठीला. गार झालं की परत ठीक, म्हणून लोक विसरतात. पाऊस सरल्यावर, दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायच्या सुमारास ऑइल बदललं की वर्षाची काळजी मिटते. बाटली १०० किंवा २५० मिलीचीच घ्या. उघडून ठेवलेलं अर्धा लिटर पुढच्या वर्षी वापरणार असाल तर न बदललेलं बरं. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा ४ जे लिहिलंय तेच घाला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही.

घरी करावं की नाही? एबीएस असेल, किंवा एका लिव्हरने दोन्ही चाकं धरणारा जोड-ब्रेक असून पुस्तकातला क्रम माहीत नसेल, तर करू नका, तिथे तुमचं बरोबर आहे. साध्या डिस्कला नाही म्हणायचं कारण दिसत नाही, पण लिव्हर मुठीकडे जाताना अर्ध्या वाटेच्या आत घट्ट होत नसेल तर गाडी अंगणाबाहेर काढायची नाही. आधी ढकलत नेऊन ब्रेक धरतो का बघा, मग ताशी दहाच्या वेगाने. जुनं ऑइल बाटलीत भरून गॅरेजवर द्या, विहिरीजवळ किंवा पऱ्यात (ओढ्यात) ओतू नका.

चिमट्याची चाचणी केल्यावर लिव्हर कसा लागला, आणि गाडी कोणती, किती सालची, ते खाली लिहा. त्यावरून पाइप सोडवायचा की सिलिंडर, ते सांगतो.