आराखड्यात आपली पोरं कुठे आहेत?

आज संध्याकाळी पालिकेच्या सभागृहात मुख्य चौकाच्या सुशोभीकरणाचं सादरीकरण होतं. मुद्दाम गेले. पडद्यावर एकामागून एक रंगीत चित्रं येत होती. दगडी फरशी, कारंजं, नवे दिवे, सगळ्या दुकानांना एकसारख्या पाट्या. चित्रांत माणसंही होती, कॉम्प्युटरवर चिकटवलेली. काठी टेकत चाललेले आजोबा, फुगा धरलेली चिमुरडी, पिशव्या घेतलेलं जोडपं. मी प्रत्येक चित्र नीट निरखून पाहिलं. पंधरा ते वीस वयाचं एकही पोर त्यात नव्हतं. एकही नाही!

आणि शेवटी शेवटी एका ओळीत उरकून टाकलं: चौकातलं युवा केंद्र पर्यायी जागेत हलवण्यात येईल. ही पर्यायी जागा बायपासच्या पलीकडे, गोदामांच्या मागे. केंद्राच्या जागी पार्किंग होणार. घरी आल्यापासून डोकं ठणकतंय, म्हणून आधी हे लिहायला बसले.

ज्यांनी त्या केंद्राचा उंबरा कधी ओलांडला नाही त्यांना वाटतं, तिथे पोरं नुसती कॅरम खेळतात आणि मोबाइल बघत बसतात. हो, तेच करतात. त्यासाठीच येतात! मी तिथे संध्याकाळी जाऊन बसते हे तुम्हाला ठाऊक आहे. एक मुलगा यायचा. दारालगतच्या बोर्डावर फोन चार्जिंगला लावायचा, शेजारी स्टुलावर बसायचा, चार्जिंग झालं की निघून जायचा. कित्येक महिने हेच. आम्ही त्याला काही विचारलं नाही. आमच्या समुपदेशक ताईंचा तसा दंडकच आहे, आलेल्या पोराला ‘का आलास’ म्हणून विचारायचं नाही. मग एके दिवशी फोन काढून घेतला तरी तो दारातच घुटमळत राहिला आणि म्हणाला, “ताई, तुम्ही किती वाजेपर्यंत असता?”

एवढंच विचारलं. त्या रात्री केंद्राला कुलूप लागायला बराच उशीर झाला. कॉलेज त्याने कधीच सोडलं होतं. रोज सकाळी सॅक पाठीला लावून घरातून निघायचा आणि अख्खा दिवस बसस्टँडवर काढायचा. घरात कुणालाही पत्ता नव्हता.

आता मला सांगा, हा मुलगा बायपास ओलांडून, गोदामांच्या मागे, ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी असलेल्या इमारतीत आपणहून गेला असता? तो चौकात आला होता, फोन चार्ज करायला. त्याला लाज वाटू नये एवढं साधं निमित्त त्या जागेने त्याला दिलं. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये स्थापन झालेल्या हेडस्पेस या संस्थेची केंद्रं आहेत, १२ ते २५ वयोगटासाठी. मनाचं दुखणं, शरीराचं दुखणं, व्यसन, शिक्षण-नोकरी, सगळ्याची मदत एकाच दारातून. तुम्ही आत नेमके कशासाठी चाललात हे रस्त्यावरून बघणाऱ्याला कळत नाही, आणि त्या वयात ही फार मोठी गोष्ट असते.

सभेत एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, हा टवाळखोरांचा अड्डा चौकातून एकदाचा हलला की बाजारपेठेला बरे दिवस येतील. टाळ्या पडल्या! माझं रक्त खवळलं. दुकानांची शटर खाली आली ती ऑनलाइन खरेदीमुळे, न परवडणाऱ्या भाड्यांमुळे, गिऱ्हाईक बाहेरच्या मोठ्या दुकानांकडे वळल्यामुळे. त्यात पोरांचा काय दोष? ब्रिटनमध्ये २००५ साली मॉस्किटो नावाचं एक यंत्र निघालं. १७ किलोहर्ट्झच्या आसपासचा कर्कश आवाज काढतं, जो सहसा तरुण कानांनाच ऐकू येतो, वयस्कांना नाही. दुकानांसमोर उभी राहणारी पोरं पळवून लावायला! पुढे २०१० मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने त्यावर बंदी घालण्याची मागणी केली. आपल्याकडे यंत्र नाही, पण सभेतल्या त्या टाळ्यांनी दुसरं काय केलं?

सायलेन्सर बदललेल्या गाड्यांचा त्रास होतो, मलाही होतो, मान्य. नवी जागा ऐसपैस आहे, तिला मैदान आहे, तेही मान्य. पण तिथे अंधार पडल्यावर बस जात नाही. मुलींनी कसं जायचं? आज क्लास सुटला की मुली वाटेतच डोकावतात. घरचे पाठवतात, कारण चौकात उजेड असतो, वर्दळ असते. बायपासपलीकडे एकही मुलगी येणार नाही, हे मी आजच लिहून देते. मग वर्षभराने कुणीतरी अहवालात लिहील की प्रतिसाद कमी आहे, आणि केंद्र बंद. लंडनमध्ये २०१० ते २०१९ या काळात जवळपास ३० टक्के युवा केंद्रं बंद पडली. ज्यांचं जवळचं केंद्र गेलं त्या पोरांचे परीक्षेतले गुण घसरले आणि गुन्ह्यांत अडकण्याचं प्रमाण वाढलं, हे तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलंय. मला मोजायची गरज नाही. मला तो बसस्टँडवरचा मुलगा दिसतो.

सभा संपल्यावर आराखडा करणारी आर्किटेक्ट भेटली. तावातावाने गेले होते, पण तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “आम्हाला दिलेल्या गरजांच्या यादीत तरुण मुलांचा उल्लेखच नव्हता.” तिच्यावरचा राग तिथेच ओसरला. यादी कुणी केली? ज्यांना फीत कापायची असते त्यांनी. कारंजं एकदा बांधलं की उद्घाटन होतं, फोटो येतो. समुपदेशकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो, त्याचं उद्घाटन होत नाही. आमच्या ताई वर्षानुवर्षं कंत्राटावर आहेत, आणि दर मार्चमध्ये पुढच्या वर्षी आपण असू की नाही या घोरात असतात. तो मुलगा ‘किती वाजेपर्यंत असता’ म्हणाला तेव्हा त्याला उत्तर द्यायला माणूस हजर होता. सुशोभीकरणाच्या निधीत त्या माणसासाठी काहीच तरतूद नाही.

हेलसिंकीत संसदेच्या समोर, शहरातल्या सगळ्यात मोक्याच्या जागी, २०१८ मध्ये ओदी नावाचं ग्रंथालय उघडलं. आत शिलाई मशीन, थ्रीडी प्रिंटर, गाणं रेकॉर्ड करायच्या खोल्या. काही विकत न घेता कितीही वेळ बसा. त्यांच्याकडे पैसा आहे, हो, आहे. पण मोक्याची जागा कुणाला द्यायची हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही.

तो मुलगा अजून येतो. सगळं सुरळीत झालंय असं नाही, बाहेरून परीक्षा दिली, एक विषय राहिलाय. बोलतो अजून कमीच. फोन मात्र त्याच बोर्डावर लावतो.

तर, हरकती-सूचना घ्यायला पालिकेने सुरुवात केली आहे. मी अर्ज टाइप करून ठेवलाय. मागण्या साध्या आहेत: केंद्र चौकातच, तळमजल्यावर, रस्त्याकडे दार असलेलं, शेजारी स्वच्छतागृह, आणि ताईंचा पगार त्याच अंदाजपत्रकात. ज्यांना हवा त्यांनी खाली लिहा, पाठवते. सही करून स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. जमलं तर घरातल्या पोरांनाही सोबत न्या, त्यांनी त्यांच्या भाषेत वेगळा अर्ज लिहिला तर आणखी चांगलं.