चेस्टर आर्थर आणि गुणवत्तेवरच्या नोकऱ्या

अमेरिकेचे २१ वे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांची गोष्ट बहुधा वाल्याचा वाल्मीकी झाल्याच्या थाटात सांगितली जाते. मला ती फार सोयीस्कर वाटते.

१८७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कस्टम हाउसचे प्रमुख नेमले. देशाच्या आयात शुल्काचा बहुतांश भाग तेथेच जमा होई, आणि तेथील शेकडो नोकऱ्या सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग यांच्या गटाच्या मर्जीने वाटल्या जात. नोकरी टिकवायची असेल, तर पगारातून पक्षनिधीला वर्गणी द्यावी लागे. (तिला ऐच्छिक म्हणण्याची रीत तिकडेही होतीच.) १८७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांनी आर्थर यांना त्या पदावरून दूर केले, तरीही १८८० मध्ये कॉन्कलिंग गटाची समजूत काढण्यासाठी पक्षाने त्यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली.

२ जुलै १८८१ रोजी पॅरिसमधील वाणिज्यदूताचे पद न मिळाल्याने चिडलेल्या चार्ल्स गीटो याने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि आता आर्थर राष्ट्राध्यक्ष होतील, असे तो पकडला जाताना म्हणाला. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. लोकक्षोभ मोठा होता, परंतु त्यानंतरही नोकरभरती सुधारणेचे विधेयक वर्षभर रखडलेच. नोव्हेंबर १८८२ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहातील बहुमत गमावले, आणि पुढे सत्ता गेली तर आपली माणसे नोकरीत सुरक्षित राहावीत, या हिशेबाने जाता जाता त्याच सभागृहाने हेच विधेयक, म्हणजे पेंडल्टन कायदा, झपाट्याने संमत केले. १६ जानेवारी १८८३ रोजी आर्थर यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

कायद्याची खरी मेख पुढे आहे. स्पर्धा परीक्षेची अट आरंभी केंद्र सरकारच्या सुमारे दहा टक्केच पदांना लागू होती, पण ही यादी वाढवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला होता. त्यामुळे पुढे पायउतार होणारे राष्ट्राध्यक्ष आपण नेमलेल्यांना संरक्षण मिळावे म्हणून यादी वाढवत गेले, आणि पक्षीय स्वार्थातूनच गुणवत्तेची व्यवस्था फोफावली.

आर्थर यांना श्रेय द्यायचे ते एवढ्यासाठी, की कायद्याचा मसुदा करणारे आणि ब्रिटिश नागरी सेवेचा अभ्यास केलेले डॉर्मन ईटन यांनाच त्यांनी या भरतीवर देखरेख करणाऱ्या नागरी सेवा आयोगाचे पहिले अध्यक्ष नेमले. कायदा कागदावरच ठेवायचा असता, तर एखादा गटबाज मित्र नेमणे त्यांना सहज शक्य होते. मात्र आदल्याच वर्षी त्यांनी सर्वोच्च न्यायालयातील जागेसाठी खुद्द कॉन्कलिंग यांचे नाव पाठवले होते, सिनेटने ते मान्यही केले होते. नकार दिला तो कॉन्कलिंग यांनी.