सरांचा पाय

दहावीत नापास झालेल्याला निदान गणित अवघड होतं असं म्हणता येतं. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झालेल्याला तीही सोय नाही. जे गणित आपल्याला सुटलं नाही, ते दुधाचा टेम्पोवाला पहाटे पाच वाजता, एका हातात चहाचा कप धरून सोडवत असतो.

त्यात घरोघरी एक काका असतात. त्यांच्या वेळी म्हणे साहेबांनी गाडी सुरू करायला सांगितली, बंद करायला सांगितली, संपली टेस्ट. त्यांचा सल्ला एकच: "घाबरायचं नाही." क्लचला घाबरणं कळत नाही हो काका. त्याला फक्त पाय किती वर आला तेवढं कळतं.

नापास झालेल्यांच्या जमातीतला एक म्हणून अधिकारवाणीनं सांगतो, आपल्याला नापास करतो तो सरांचा पाय. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक-क्लच असतात, तसा नियमच आहे. चारचाकीसाठी नियमानं २१ दिवसांचा कोर्स आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तास. त्या दहा तासांत चौकात गाडी बंद पडली नाही, उतारावर वेळेवर थांबली, रिक्षा आडवी आली तरी वाचली, याचं श्रेय आपण मनातल्या मनात स्वतःला देऊन टाकतो. प्रत्यक्षात सर फोनवर बोलता बोलता खालून अर्धी गाडी चालवत असतात. टेस्टच्या दिवशी सर झाडाखाली उभे, आणि त्यांचा पाय त्यांच्याबरोबर. आपला डावा पाय जन्मात प्रथमच एकटा कामावर आलेला.

म्हणून पुन्हा टेस्ट द्यायची तर पहिली गोष्ट ही करायची: मोकळ्या मैदानावर एक तास लावायचा आणि सरांना पाय मागे घ्यायला सांगायचं. जमलं तर सीटवर मांडीच घालून बसवायचं. त्या तासात गाडी जितक्या वेळा बंद पडेल तितकी आपली खरी पातळी. आकडा मनाला लागतो, पण खरा असतो.

वेळेचं गणितही समजून घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ९ प्रमाणे नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तिसऱ्यांदाही नापास झालात तर मात्र ६० दिवस थांबायचं. तिकडे लर्निंग लायसन्सची मुदत सहाच महिने, आणि त्यातले पहिले ३० दिवस टेस्ट देताच येत नाही. परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर टेस्टचा स्लॉट मिळायला लागतील ते दिवस वेगळेच. तेव्हा "बघू दिवाळीनंतर" म्हणणाऱ्याचं लर्निंगच संपतं आणि गाडी पुन्हा चिन्हांच्या परीक्षेपाशी येऊन उभी राहते. फेरटेस्टची सरकारी फी वाहनाच्या प्रत्येक प्रकाराला ३०० रुपये. दुचाकीत पास आणि चारचाकीत नापास असाल, तर चारचाकीचेच भरायचे.

आता चढ. निम्मी अब्रू इथेच जाते. नियमाची अपेक्षा अशी की चढावर थांबवलेली गाडी जराही मागे न सरकता पुढे निघाली पाहिजे. पुण्यात चारचाकीची टेस्ट भोसरीला आयडीटीआर या वाहनचालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते. तिथे गाडी मागे सरकली तर "साहेब, जरासं वाऱ्यानं..." म्हणायची सोय नाही.

चढावर दोनच अपघात होतात. गाडी मागे जाते, कारण क्लच धरायच्या आधीच आपण हँडब्रेक सोडलेला असतो. किंवा ती आचके देऊन बंद पडते, कारण मागे जाण्याच्या भीतीनं क्लच एकदम सोडलेला असतो. बहुतेक जण पहिल्या खेपेला पहिला अपघात करतात आणि त्यातून धडा घेऊन दुसऱ्या खेपेला दुसरा.

क्रम असा. थांबलात की हँडब्रेक पूर्ण वर. पहिला गिअर. टाच जमिनीला टेकवून क्लच हळूहळू वर आणायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं आणि गाडी हँडब्रेकशी भांडायला लागते. हाच तो हाफ क्लच. इथे डावा पाय गोठवायचा. उजव्या पायानं थोडा ॲक्सिलरेटर, आवाज गुरगुरण्याइतका, किंचाळण्याइतका नाही. मग हँडब्रेक खाली. गाडी जागची हलून दोन-तीन फूट पुढे जाईपर्यंत डावा पाय तिथेच. हँडब्रेक खाली जाताच क्लचही सोडून द्यायचा मोह होतो, आणि तिथेच गाडी प्राण सोडते.

हँडब्रेकचं बटण नुसतं दाबून दाबून अंगठा लाल होतो, तरी ते आत जात नाही. आधी दांडा अर्धा इंच वर ओढा, मग बटण दाबा, मग खाली. आत दातेरी चक्रात अडकलेला खटका वर ओढल्याशिवाय सुटत नाही. एवढी साधी गोष्ट, पण घामेजल्या हातानं पहिल्यांदा करून बघायची जागा चढ ही नव्हे.

याचा सराव चढावर सुरू करू नका. आधी सपाट जागेवर ॲक्सिलरेटरला हातही, म्हणजे पायही, न लावता नुसत्या क्लचवर गाडी सरपटवायची. जरा हलली की क्लच दाबून थांबवायची. असं वीस वेळा. पोटरी दुखायला लागली की समजायचं, शिक्षण सुरू झालं. मग सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प. वेळ पहाटेची निवडा, कारण वॉचमन हा जगातला सगळ्यात कडक मोटार वाहन निरीक्षक असतो. पायात पातळ तळव्याचे बूट हवेत. कोल्हापुरी चप्पल लग्नात शोभते, पण तिच्या तळातून क्लच लागत नाही आणि ऐन वेळी ती पेडलखाली अडकते.

दुसरी अडचण एच. इंग्रजी एच अक्षराच्या आकारात, खांबांच्या मधून, गाडी पुढे न्यायची आणि मागे आणायची. कुरुक्षेत्रावर अर्जुनानं सारथ्याला रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये न्यायला सांगितलं, रिव्हर्स घ्यायला सांगितलं नव्हतं. नाहीतर गीता बरीच लांबली असती.

इथे ड्रायव्हिंग स्कूलमधून एक मंत्र मिळतो: "मागच्या काचेच्या कोपऱ्यात खांब दिसला की स्टिअरिंग पूर्ण फिरवा." मंत्र चुकीचा नाही, पण तो एका गाडीचा आणि एका उंचीच्या माणसाचा असतो. सीट चार बोटं पुढे सरकली की खांब वेगळ्याच वेळी दिसतो. ज्या गाडीवर टेस्ट द्यायची तिच्यावरच सराव करा आणि बसल्या बसल्या आधी सीट, मग आरसे आपल्या मापाचे करून घ्या. मंत्राऐवजी दोन गोष्टी ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. रिव्हर्समध्ये गाडीचं शेपूट जिकडे न्यायचं तिकडेच स्टिअरिंग फिरवायचं. आणि शेपूट डावीकडे वळतं तेव्हा नाक उजवीकडे बाहेर येतं. मागच्या खांबाकडे टक लावून बसलेल्याचा पुढचा खांब पडतो तो यामुळे. वेग हाफ क्लचचा, म्हणजे मुंगीचा. आणि वळणं संपलं की चाकं सरळ करा. स्टिअरिंग सरळ दिसतं तेव्हा ते एक पूर्ण फेरा वाकडंही असू शकतं.

दुचाकीवर काढायच्या इंग्रजी आठाबद्दल (8) फार बोलण्यासारखं नाही. पाय टेकला की संपलं. पुढचा ब्रेक विसरा, मागचा हलका दाबून ठेवा, थ्रॉटल एकसारखा, आणि नजर चाकावर नाही, वळणाच्या पुढच्या टोकावर.

बाकी पट्टा, इंडिकेटर, निघताना आरशात बघणं. आरशात डोळे फिरवलेले साहेबांना दिसत नाहीत, मान वळलेली दिसते. थोडा अभिनय चालतो. गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आदल्या रात्री बघून ठेवा. पीयूसी संपलेलं असलं तर नापास व्हायचीसुद्धा संधी मिळत नाही.

आणि तो लर्निंगचा एल. पांढऱ्यावर लाल, पुढे आणि मागे, पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच. पास झाल्यावर काचेवरून ओढून काढलात तर लाल रंग निघतो आणि पांढरा चिकट एल मागे राहतो, तो वर्षभर मागच्या गाडीला आपला इतिहास सांगत फिरतो. काढायच्या आदल्या रात्री खोबरेल तेल चोळून ठेवा. सकाळी नखानं अलगद सुटतो.