एकाच बटणाला तीन नावं कशाला?

‘चांगल्या डॉक्युमेंटेशनचे पाच नियम’ ही पोस्ट आठ दिवस सगळीकडे फिरतेय. काल ती माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचली. टेक्निकल रायटर म्हणून तिची पहिलीच नोकरी. तिने लगेच युजर गाइड बदलून मला वाचायला पाठवलं. तिसऱ्या पायरीत खातं ‘डिसेबल करा’, पाचवीत ‘बंद करा’, सातवीत ‘काढून टाका’. तिन्ही एकाच बटणाबद्दल. आणि स्क्रीनवर त्याच्याच खाली ‘डिलीट’ हे वेगळं बटण आहे! सातवी पायरी वाचणाऱ्याने कुठलं दाबायचं?

म्हणून पहिला नियम आधी घेतो: ‘तोच शब्द परत आला की वाचक कंटाळतो, समानार्थी शब्द वापरा.’ निबंधात हे चालतं, शाळेत त्याचे मार्कही मिळायचे. गाइड उघडणाऱ्याचं काहीतरी अडलेलं असतं. शब्द बदलला की त्याला वाटतं, गोष्टही बदलली.

गिटचंच बघा, म्हणजे प्रोग्रामर कोडमधले बदल नोंदवायला वापरतात ते सॉफ्टवेअर. पुढच्या कमिटसाठी, म्हणजे पुढच्या नोंदीसाठी, निवडलेले बदल जिथे राहतात, त्या एका जागेला इंडेक्स, कॅशे आणि स्टेजिंग एरिया अशी तीन नावं. गिटची स्वतःची ग्लॉसरी (ठरलेल्या शब्दांची यादी) सांगते की ‘कॅशे’ कालबाह्य, ‘इंडेक्स’ म्हणा. पण २००५ पासूनचा ‘कॅशे’ कमांडमधून गेलेला नाही. ‘गिट डिफ’ या बदल दाखवणाऱ्या कमांडला ‘--कॅश्ड’ द्या नाहीतर ‘--स्टेज्ड’, काम एकच. फाइल काढणाऱ्या ‘गिट आरएम’ला मात्र ‘--कॅश्ड’च लागतं. आणि तयार बदल लावणाऱ्या ‘गिट अप्लाय’मध्ये ‘--इंडेक्स’ व ‘--कॅश्ड’ चक्क वेगळे: पहिल्याने इंडेक्ससोबत डिस्कवरची फाइलही बदलते, दुसऱ्याने फक्त इंडेक्स. हा गुंता सोडवायला मॅन्युअलच्या ‘गिटसीएलआय’ पानावर वेगळा खुलासा करावा लागलाय. नवीन मुलांना हे शिकवताना दर वेळी अर्धा तास यातच जातो.

दुसरा नियम, ‘ग्लॉसरी मोठ्या कंपन्यांनाच लागते’, हे साफ चूक. दहा शब्दांची यादी एका पानात मावते. तिसरा नियम: शब्द वेगळे असले तरी ‘एआय समजून घेईल’ म्हणे. मजकुरातच तीन नावं असतील तर तोही अंदाजच बांधणार.

चौथ्या नियमात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो: लोक शोधताना वेगवेगळे शब्द टाकतात. मग ते ग्लॉसरीत घाला, ‘बंद करणे: डिसेबल पाहा’ असं. पायऱ्यांमध्ये नको. पाचवा नियम स्क्रीनशॉट ताजे ठेवण्याचा, तो बरोबर आहे.

बहिणीला सांगितलं, बटणावर ‘डिसेबल’ आहे ना, मग सगळीकडे तेच लिही. आज सकाळी तिने सर्वांत आधी सातवी पायरी दुरुस्त केली.