आजारी पडणं म्हणजे कर्ज बुडवणं नव्हे

सकाळी आपल्याच एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "बिलं बुडवणाऱ्यांना सरकारने पाठीशी का घालायचं?" विषय होता अमेरिकेतल्या मेडिकल बिलांचा. तेव्हापासून डोकं सणकलंय.

माझ्या वहिनीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन इथेच न्यू जर्सीत झालं. फॉर्मवर जन्मतारीख आपल्या सवयीने आधी दिवस मग महिना अशी पडली, इन्शुरन्सशी जुळेना, क्लेम रिजेक्ट, बिल गेलं जुन्या पत्त्यावर, तिथून कलेक्शनवाल्यांकडे, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्या कंपनीकडे, आणि तिला कळलं कधी, तर भाड्याच्या घराचा अर्ज नाकारला तेव्हा! पै न पै वेळेवर भरणारी बाई. तिने काय बुडवलं?

अशांसाठीच सीएफपीबीने, म्हणजे ग्राहकांना आर्थिक व्यवहारांत संरक्षण देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी ब्युरोने, जानेवारी २०२५ मध्ये नियम केला होता, की मेडिकल बिलं क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे बँका आणि घरमालक बघतात त्या आपल्या देण्याघेण्याच्या नोंदीवर, नकोतच. दीड कोटी लोकांची ४९ अब्ज डॉलरची बिलं रिपोर्टवरून जाणार होती. लगेच काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, तो उडवायचे ठराव आले, सरकारी खात्यांचे नियम संसदेला रद्द करू देणाऱ्या १९९६ च्या काँग्रेशनल रिव्ह्यू ॲक्टखाली. त्यातली मेख बघा, सिनेटमध्ये साधं बहुमत पुरतं, आणि एकदा ठरावावर सही झाली की नवा कायदा झाल्याशिवाय ब्युरोला तसा नियम पुन्हा आणताच येत नाही. म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली विहिरीत. शेवटी ठरावांची गरजच पडली नाही, जुलैमध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने नियम रद्द केला, आणि ब्युरोचे नवे साहेब स्वतःच्याच ब्युरोचा नियम पाडायला, त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या फिर्यादींच्या बाजूने उभे! संताप येतो.

बँकेला माणूस पैसे फेडेल का हे कळायला हवं, मान्य. पण वहिनीच्या त्या बिलावरून काय कळलं? तारीख उलटी पडली, एवढंच ना? आणि हो, ५०० डॉलरच्या आतली बिलं क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्यांनी २०२३ पासून आपणहून रिपोर्टवरून काढलीत. पण इथे ५०० डॉलरमध्ये ऑपरेशन होतं कुठे?

ज्याने ते लिहिलं त्याच्यावर आता तेवढा राग नाही. त्याच्या घरात असं घडलं नसेल, घडूही नये. मी मात्र वहिनीला फोन स्पीकरवर होल्डला ठेवून पोळ्या लाटताना बघितलंय, पलीकडून माणूस बोलला की पिठाच्या हाताने धावायची आणि तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

मेडिकल बिलं रिपोर्टवर येऊ नयेत म्हणून न्यूयॉर्क, न्यू जर्सीने आपापले कायदे केलेत, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्युरोने म्हटलंय की राज्यांना असे कायदे करताच येत नाहीत. ज्यांना इथे मतदानाचा हक्क आहे त्यांनी आपल्या काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन करा, प्लीज. मी उद्या करतेय.