चार बोटांचा तांडेल

चित्र आलं तेव्हा मी बर्फाच्या कारखान्यातल्या ऑफिसात टेबलावर पाय टाकून बसलो होतो. महिना जुलै. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी, होड्या नाहीत तर बर्फ कोण नेणार, आणि बर्फ कोणी नेत नाही तर हिशोब कसला लिहिणार, त्यामुळे ते दोन महिने आमच्यासारखी माणसं पगारी झोप काढतात. मोबाईल वाजला. "दादा, पहिलं स्केच पाठवलंय, बघून सांगा ना." उघडलं. एक म्हातारा, चेहरा झकास, डोळ्यांत दर्या उतरलेला, गालावर व्रण, आणि पाठीवर कासव.

म्हणजे पाठीवर कासव बसलेलं नव्हतं. तो स्वतःच अर्धा कासव होता.

आता हा म्हातारा कोण ते सांगतो. आम्ही कॉलेजचे चार जण दर शनिवारी रात्री ऑनलाइन बसून फाशांवरचा गेम खेळतो, ज्यात प्रत्येकाचं एक कॅरेक्टर असतं आणि वीस बाजूंचा फासा टाकून त्याचं बरंवाईट ठरतं. पुण्याचा एक, मुंबईचा एक, बंगळूरूचा एक आणि सिंधुदुर्गातल्या आचऱ्याजवळच्या वाडीतून रेंज असेल तर मी. बाकीच्यांची कॅरेक्टरं लांब कानांची, सोनेरी केसांची, धनुष्यबाणवाली. माझा गंगाराम तांडेल, तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. वय सत्तर, होडी विकलेली, पण शीळ घातली की वारा येतो. तिघांनीही आपापली चित्रं पैसे देऊन काढून घेतली होती आणि गंगारामच्या जागी नुसता करडा गोल दिसायचा, ते मला सहन होईना. म्हणून शोधून शोधून नागपूरची एक चित्रकार मुलगी गाठली. साडेचार हजार रुपये, अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर. बाबांना आकडा सांगितला तर त्यांनी लगेच त्याचं हापूसच्या पेट्यांत रूपांतर करून दाखवलं, आमच्या घरी सगळ्या चलनाचा भाव तोच.

माहिती मी पानभर लिहून दिली होती. चांगली लिहिली होती असं मला वाटत होतं. डोक्यावर इरलं, कमरेला आकडी, आकडीत कोयती, गालावर शिंगाळा माशाच्या काट्याचा व्रण, एका हाताला चारच बोटं कारण करंगळी जाळ्याच्या दोरात गेली. फोटो एकही जोडला नाही. इरलं काय कोणाला माहीत नाही का?

नाही माहीत. नागपूरच्या पोरीनं ते का माहीत ठेवावं? तिनं विचारलंही होतं, इरलं म्हणजे काय, आणि मी बसस्टॉपवर उभ्या उभ्या टाइप केलं होतं, बांबूच्या काड्यांचा सांगाडा असतो, त्यावर पानं, डोक्यापासून पाठीपर्यंत येतं, आतून पोकळ. आता हेच वाक्य तुम्ही डोळे मिटून वाचा आणि सांगा कासव दिसतं की नाही. आकडीचं तर विचारूच नका. आमच्याकडे आकडी म्हणजे कमरेला मागं बांधायचा लाकडी आकडा, त्यात कोयती अडकवून माणूस माडावर चढतो. तिचा मेसेज आला, "दादा, त्यांना आकडी येते का? मग तसं थोडं वाकलेलं दाखवू का?" मला वाटलं ती कमरेवर आकडी नीट बसेल का असं विचारतेय, मी लिहिलं हो हो, येईल. तर तो म्हातारा कासव होता आणि वर वाकडा होता. कोयतीच्या जागी समुद्री चाच्याची लांबलचक तलवार. आणि दोन्ही हातांना पाच पाच बोटं. एवढी सुंदर बोटं की गंगारामनं आयुष्यात दोर कधी ओढलाच नसावा.

यावर मी काय उत्तर दिलं? "एक नंबर!!" आणि पुढे दोन अंगठे.

का दिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आपल्याला तोंडावर सांगायची सवय नाही हेच खरं. हॉटेलात सोलकढी आंबट ढॅण लागली तरी वेटरनं विचारलं की आपण मान हलवतो छान छान म्हणून, आणि मग घरी येईपर्यंत गाडीत तेवढा एकच विषय. तसंच झालं. मी चार दिवस पुण्याच्या मित्राला, मुंबईच्या मित्राला, कारखान्यातल्या वॉचमनला, मोटर दुरुस्तीला आलेल्या माणसाला कासव दाखवून हळहळत होतो आणि जिला सांगायचं तिला अंगठे पाठवले होते. आणि ती बिचारी दोन अंगठे म्हणजे मंजुरी समजून पुढं गेली, कच्चं स्केच संपवून पक्क्या रेषा ओढायला लागली. या कामात टप्पे असतात, आधी कच्चं, मग पक्क्या रेषा, मग सपाट रंग, शेवटी सावल्या नि उजेड. तिच्या नियमात स्वच्छ लिहिलं होतं, कच्च्यावर दोन वेळा बदल फुकट, रेषा पक्क्या झाल्यावर प्रत्येक बदलाला तीनशे. ते नियम मी कसे वाचले असतील ते सांगायला नको, कोण वाचतं.

घरी चित्र दाखवलं. आई म्हणाली बरा आहे गो बाई म्हातारा. बाबांनी चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"ह्या कासव खंय मेळला तुका?"

"कासव नाय ओ, इरला आसा ता."

"इरला? मेल्या, तुझ्या आज्यान ह्या बघल्यान आसता तर तुका इरल्याखाली घालून मारल्यान आसता."

तेवढ्यात नागपंचमी आली आणि काका घरचा पाट घेऊन गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, निघाले, मी पण गेलो. इथं एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्खकन आली. आमच्याकडे ही चित्र काढून घेण्याची भानगड काय नवीन आहे का? दरवर्षी प्रत्येक घरचा पाट शाळेत जातो, त्यावर नाव लिहितात, त्याच पाटावर मूर्ती होते, आणि सांगणारे न लाजता सांगतात. काका दारातूनच सुरू. गेल्या वर्षी पितांबर जांभळं केलंस ते यंदा पिवळं हवं, उंदीर पाटाच्या कडेला नको, नेताना लागतो. मूर्तिकार मातीनं भरलेल्या हातानंच मान हलवत होता, ना राग ना लोभ. फक्त काका जरा जास्तच लांबायला लागले तेव्हा म्हणाला, "काय तां आताच सांगा. एकदा डोळे आखले काय मगे काय बदलूचा नाय." आणि पलीकडच्या पाटावरच्या कोणाच्या तरी सोंडेवरून ओला हात फिरवायला लागला.

आमच्या गंगारामचे डोळे आखून झाले होते.

त्या रात्री मेसेज लिहायला बसलो. पहिला मसुदा इतका नम्र झाला की त्यात काय बदलायचंय तेच राहून गेलं. दुसरा सरकारी नोटीस. तिसऱ्याच्या वेळी वीज गेली आणि अंधारात माझं डोकं गावच्या देवळातल्या गाऱ्हाण्याकडे गेलं, कारण तक्रार कशी करावी ते खरं त्यातच आहे, आधी मोठेपणा मग हळूच मागणं:

बा देवा म्हाराजा! — व्हय म्हाराजा! — आज ह्या लेकरान तुझ्याकडे एक चित्र मागल्यान, तां तू दिलंस — व्हय म्हाराजा! — त्येच्यात काय वाकडातिकडा झाला आसात, डाव्याचा उजवा झाला आसात, तां बाजूक सार — व्हय म्हाराजा! — म्हाताऱ्याच्या पाठीवरचा कासव दर्याक परत लाव, तलवारीची कोयती कर, आणि जा काय करशीत तां तीनशे रुपयांत कर रे म्हाराजा! — व्हय म्हाराजा!

हे पाठवलं नाही अर्थात. पण लिहून झाल्यावर हात मोकळा झाला आणि मी साधं लिहिलं की चूक माझीच, आधी बोललो नाही, या चार गोष्टी वेगळ्या हव्यात. चित्राचा स्क्रीनशॉट घेऊन त्यावर लाल गोल केले, गोलांना नंबर दिले, खाली नंबरवार एकेक ओळ. पाच मिनिटांत उत्तर. "अरे दादा, हे तेव्हाच सांगायचं न! मला वाटलं तुम्हाला कासवच पाहिजे." राग नाही काही नाही. मी चार दिवस कशाला घाबरत होतो?

बोटांवर मात्र ती अडली. म्हणाली तुमच्या माहितीत वरती लिहिलंय उजव्या हाताला चार बोटं आणि खाली लिहिलंय डाव्या. मी म्हटलं शक्यच नाही. वर स्क्रोल केलं. शक्य होतं. दोन्ही मीच लिहिलेलं, एका पानात, एकाच संध्याकाळी. तिनं आणखी एक विचारलं, उजवा म्हणजे गंगारामचा उजवा की बघणाऱ्याचा, आणि हा प्रश्न मला इतका खोल वाटला की मी अंगणात जाऊन उभा राहिलो आणि आईला समोर उभं करून दोनदा तपासलं.

पैशाचंही तिनं सरळ सांगितलं. लिहिलेलं असून तिनं वेगळं काढलं तर ती तिची चूक, फुकट दुरुस्त. मी लिहिलंच नाही किंवा नंतर सुचलं तर तो बदल, त्याचे तीनशे. या हिशोबानं तलवार तिची, कारण कोयती स्पष्ट लिहिली होती. कासव माझं. वाकलेली कंबर अर्धी अर्धी, ती तिनं सोडून दिली. आणि बोट? मी म्हटलं बोट तर फक्त पुसायचंय, त्याचे कसले तीनशे. तेव्हा तिनं समजावलं की त्या हातात दोर आहे, करंगळी पुसली की खाली दोर नाही, कोरा कागद आहे, तो दोर नव्याने ओढायचा, त्याचे पीळ जुळवायचे, बाकीच्या चार बोटांची पकड बदलायची. एक बोट कमी करायला पाच बोटं काढण्याएवढं काम. मी गुपचूप तीनशे पाठवले.

मग फोटो. शेजारच्या काकांच्या माळ्यावर एक जुनं इरलं निघालं, अर्धी पानं उंदरांनी खाल्लेली, पण सांगाडा शाबूत. ते डोक्यावर घेऊन उभं कोण राहणार? बाबा. "माका नको" म्हणत म्हणत आत जाऊन केस विंचरून आले. कमरेला आकडी, आकडीत कोयती, उजव्या हाताची करंगळी आईनं केसांच्या रबरानं आत दुमडून बांधली, हातात गुरांचं दावं. पुढून, मागून, बाजूनं, इरलं एकटं, कोयती एकटी, असे एकवीस फोटो. रस्त्यानं जाणारा एक जण थांबून विचारता झाला, नाटक कधी आहे.

फरक लगेच दिसला. पुढचं चित्र आलं तर इरलं म्हणजे इरलं, पानांच्या शिरासकट. पण व्रण डाव्या गालावर! कोयती उलट्या बाजूला! चार बोटं डाव्या हाताला! माझं डोकंच फिरलं, आता मात्र मी बाणेदार मेसेज लिहायला घेतला, दीड तास खपलो, आणि पाठवायच्या आधी सहज फोनमध्येच चित्र उलटं फिरवून बघितलं, आरशात दिसतं तसं. सगळं बरोबर. हे चित्रकार लोक मधेमधे चित्र आरशासारखं उलटवून बघतात म्हणे, डोळा सरावला की चुका दिसेनाशा होतात, उलटवलं की एक डोळा वर एक खाली असलं काही असेल तर लगेच कळतं. उलटवून ती परत सुलटायला विसरली होती. दीड तासाचं पुसलं, तीन शब्द लिहिले, "उलटं आलंय का?" तिचं काम दोन सेकंदांचं.

शेवटची फाइल ऐंशी एमबीची, आणि वाडीत त्या दिवशी टॉवर गेलेला. म्हणून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर गेलो, पाऊस धो धो, फोन भिजू नये म्हणून तेच इरलं घेऊन. कातळावर उकिडवा बसून इरल्याखाली पीएनजी डाउनलोड करताना तुटलेल्या पानांतून पाणी मानेवर येत होतं आणि एकाहत्तर टक्क्यांवर येऊन ते वर्तुळ बराच वेळ फिरत राहिलं. पण आलं. शनिवारी गंगारामच्या करड्या गोलात गंगाराम बसला. मुंबईवाल्याला तो इतका आवडला की म्हणाला आमच्या होमस्टेच्या बोर्डावर लावतो, त्याला सांगितलं बाबा रे हे स्वतःपुरतं आहे, धंद्यासाठी लावायचं तर तिला वेगळं विचारायचं नि वेगळे पैसे. हे नियम मी एव्हाना पाठ केले होते.

घरी टीव्हीवर लावून दाखवलं. आई म्हणाली, अगो बाई, हे तर तुमचे बाबा. होतेच. फोटो बघून बघून चेहरा पण तिकडेच गेला होता. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले.

"मिशी पांढरी कित्या?"

"गंगाराम सत्तर वर्षांचो आसा."

"माझी खंय पांढरी आसा?" मिशीला दर पंधरा दिवसांनी कलप लागतो हे घरात कोणी बोलत नाही. "सांग तिका, काळी कर म्हणान."

म्हटलं रंग झालेत सगळे, आता बदल म्हणजे तीनशे रुपये. बाबांनी शर्टाच्या खिशातून शंभराच्या तीन नोटा काढून टीपॉयवर ठेवल्या. पुन्हा टीव्हीकडे बघितलं, पोट जरा आत घेतलं.

"आणि ह्या पोट..."

"तो दुसरो बदल झालो."

बाबांनी परत खिशात हात घातला.